मेंटॉरला वेळापत्रकात तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशप्रक्रिया आटोपून पुण्यातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे वर्ग भरू लागले आहेत. लवकरच सूचनाफलकावर मेंटॉरच्या, म्हणजे ठरावीक मुलांची विचारपूस करण्यासाठी नेमलेल्या शिक्षकांच्या, याद्या लागतील. अभियांत्रिकीची मुले याच शिक्षकाला ‘जीएफएम’ (गार्डियन फॅकल्टी मेंबर) म्हणतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ला द्यायच्या स्वयंमूल्यांकन अहवालात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण द्यावे लागत असल्याने या याद्या न चुकता तयार होतात. मात्र यादीतल्या मुलाला आपला मेंटॉर वर्षभरात किती वेळा निवांत भेटतो, हे त्या प्रमाणावरून कळत नाही. शहरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी १० वर्षे हे काम केले आणि त्यातील एक चूक मला अजून सलते, म्हणून हे पत्र.

त्या वर्षी माझ्या यादीत ६२ नावे होती. त्यात लातूर जिल्ह्यातून आलेला द्वितीय वर्षाचा एक मुलगा होता. प्रात्यक्षिकांना त्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, तेव्हा नियमाप्रमाणे माझ्याच सहीने त्याचे नाव डिफॉल्टर यादीत लागले आणि ‘पालकांना घेऊन ये’ असा निरोप मी वर्गातूनच दिला. वडील मजुरीवर जाणारे. एका दिवसाची मजुरी बुडवून ते पुण्याला कसे येणार, हे मी विचारले नाही. पुढे मुलगा यायचाच बंद झाला, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपली आणि त्याचे वर्ष गेले. नंतर त्याच्या खोलीवरच्या मित्राकडून समजले की, बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने त्याची शिष्यवृत्ती अडकली होती, मेसचे पैसे थकले होते आणि तो एका औषधाच्या दुकानात रात्रपाळी करून सकाळी झोपत होता. खाते जोडून घेण्यासाठी मी त्याच्याबरोबर बँकेत गेले असते, तर फार तर अर्धा दिवस लागला असता.

त्याने मला का सांगितले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याच्या प्रात्यक्षिकाचे अंतर्गत गुण माझ्या हातात होते, आणि ज्याच्या हातात गुण असतात त्याच्यापुढे मुले अडचण सांगत नाहीत, सबब सांगतात. ब्रिटनमधील विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पर्सनल ट्यूटर’ नेमून देतात. आपल्याकडे ट्यूटर म्हणजे शिकवणी घेणारा. तिथला हा शिक्षक शिकवणी घेत नाही. तो ठरलेल्या वेळी भेटतो, गुणांची घसरण दिसली तर कारण विचारतो, आजारपणात परीक्षा विभागासाठी पत्र देतो आणि पुढे नोकरीसाठी शिफारसही लिहितो. केंब्रिजच्या महाविद्यालयांत तर अभ्यासाची जबाबदारी ‘डायरेक्टर ऑफ स्टडीज’कडे आणि विद्यार्थ्याच्या बाकीच्या विवंचना ट्यूटरकडे, अशी विभागणी आहे; हा ट्यूटर बहुधा विद्यार्थ्याच्या विषयाचा नसतो. आपल्याला ती सगळी व्यवस्था परवडणार नाही हे मला मान्य आहे, पण रसायनशास्त्राच्या मुलांचा मेंटॉर वनस्पतिशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांचा रसायनशास्त्राचा नेमण्यास एक रुपयाही लागत नाही.

खर्च लागतो तो वेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार ४० तासांचा असून त्यातले प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे आहे. उरलेल्या तासांत विद्यार्थी भेटीसाठी सहज वेळ निघावा. प्रत्यक्षात ते तास प्रवेश समिती, परीक्षेची कामे आणि ‘नॅक’च्या फायली खाऊन टाकतात. त्यात अनेक पदे रिक्त असल्याने वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भरवशावर चालतात. या शिक्षकांना फक्त घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. एक तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाकडे निघालेल्या त्या तरुण शिक्षकाला जिन्यात थांबवून कोणी मुलगी रडू लागली, तर तिच्यासाठी दिलेल्या अर्ध्या तासाची नोंद कुठेच होत नाही. हा अन्याय दोघांवरही आहे.

मेंटॉर हा समुपदेशक नव्हे, हेही स्पष्ट असावे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला आहे. मुलगा झोपत नाही, जेवत नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो आहे, हे ओळखून मेंटॉरने त्याला त्याच दिवशी समुपदेशकापर्यंत पोहोचवावे. स्वतः उपचार करू पाहू नये. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय असल्यामुळे आता आणखी एक भीती वाटते. पैशांअभावी शिक्षण सोडणारा मुलगा कागदावर ‘प्रमाणपत्र घेऊन गेलेला’ दिसेल आणि त्याला कोणी काही विचारणार नाही.

म्हणून विद्यापीठाने परिपत्रक काढून एका शिक्षकाकडे २० पेक्षा अधिक विद्यार्थी देऊ नयेत, आठवड्यातला एक तास भेटीसाठी वेळापत्रकात छापावा, तो कार्यभारात धरावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्याचे मानधन द्यावे, अशी माझी विनंती आहे. परिपत्रकाची वाट न पाहता प्राचार्यांना एक गोष्ट याच महिन्यात करता येईल. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मेंटॉरने प्रत्येक मुलाला एकटे भेटावे आणि गुणांविषयी काहीही न बोलता एवढेच विचारावे : राहतोस कुठे, जेवतोस कुठे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का, आणि खाते आधारला जोडले आहे का.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे