यिर्मयाचे पुरुषपण

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू संदेष्ट्यांचे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांचे, सगळे साहित्य पुरुषी हुकमतीची वाणी म्हणून निकालात काढले आहे. होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आणि यहेज्केलाच्या ग्रंथाच्या सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत इस्राएलाला, यरुशलेमेला व्यभिचारी पत्नी ठरवून लोकांसमोर विवस्त्र करण्याची जी भाषा येते, ती कोणत्याही स्पष्टीकरणाने सौम्य होत नाही. तेवढा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र यिर्मया या संदेष्ट्याचा लेखात उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.

इ. स. पूर्व ६२७च्या सुमारास देवाचे बोलावणे आले तेव्हा ‘मला बोलता येत नाही, मी अजून पोर आहे’ असे म्हणणाऱ्या या माणसाला पुढे लग्नाची आणि मुलाबाळांची मनाई झाली, आणि तीही मुलगे हाच पुरुषाच्या नावाचा आधार मानणाऱ्या समाजात. आपल्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात तो देवाला ‘तू मला भुलवलेस’ म्हणतो, तेव्हा वापरलेले क्रियापद निर्गम या बायबलमधील ग्रंथात कुमारिकेला नादी लावणाऱ्या पुरुषासाठी, तर होशेयात पत्नीरूपी इस्राएलाला मोह घालणाऱ्या देवासाठी आलेले आहे. पाठोपाठ येणाऱ्या, बळजोरीच्या क्रियापदाचा धातू दावीद राजाचा मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर केलेल्या अत्याचाराच्या वर्णनातही आढळतो. पहिल्या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘फसवणे’ असाही होतो आणि अनेक भाषांतरे तोच घेतात. पण दोन्ही शब्द शेजारी ठेवून वाचले, तर संदेष्टा स्वतःला अत्याचार सोसणाऱ्या स्त्रीच्या जागी पाहतो आहे, असेच मला वाटते. त्याच अध्यायाच्या शेवटी, ‘तुला मुलगा झाला’ ही आनंदवार्ता बापाला सांगणाऱ्या माणसालाच तो शाप देतो.

तिसाव्या अध्यायात तो विचारतो, की पुरुष कधी बाळंत होतो का, मग प्रत्येक पुरुष प्रसूत होणाऱ्या स्त्रीसारखा कमरेवर हात ठेवून का दिसतो? ‘तुझे लोक बायका झाले’ असे नहूम हा दुसरा संदेष्टा निनवे या शत्रूनगरीला हिणवतो. यिर्मयाच्या या प्रश्नात मला हिणवणूक नव्हे, भय ऐकू येते. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या बेचाळिसाव्या अध्यायात तर योद्ध्यासारखा गर्जणारा देव पुढच्याच वचनात प्रसववेदनांनी कण्हतो.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मूळ शब्दांपर्यंत जाण्याची ही वाट मराठीत असताना, आपण यिर्मयाच्या विसाव्या अध्यायाचे मूळ हिब्रूवरून केलेले सविस्तर विवेचन जाणकाराकडून लिहवून घेऊन छापावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पुणे