साडेतीनशे रुपयांची 'लूट'

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला 'दुरुस्ती की लूट' हा लेख वाचला. दिवसभर कामं होती म्हणून काल लिहिणं जमलं नाही, आज लिहितोय, आणि राग अजून गेलेला नाही हे आधीच सांगतो. मी स्वतः फ्रीज-वॉशिंग मशीनचा मेकॅनिक आहे. घरगुती उपकरणं दुरुस्त करणारे बाहेरचे मेकॅनिक लोकांना लुटतात, असा त्या लेखाचा सूर होता. माझं पहिलं भांडण त्यातल्या या वाक्याशी आहे, की मेकॅनिक येतो, पाच मिनिटं बघतो आणि काहीही न करता साडेतीनशे रुपये व्हिजिट चार्ज घेऊन जातो.

काहीही न करता कसं? बघणं हेच तर काम आहे. पार्ट बदलायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो, तो कोणाच्याही घरात असतो. कुठला पार्ट गेलाय हे ओळखणं मी आयटीआयला दोन वर्षं रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून, नंतर कंपनीच्या एका सर्व्हिस फ्रँचायझीत राबून आणि मग स्वतःच्या जिवावर घरोघर फिरून शिकलोय. त्याचे पैसे मागितले की लूट?

मागच्या उन्हाळ्यातलं एक सांगतो. सिंहगड रोडला एका सोसायटीतून फोन आला, डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज, वरती बर्फ होतोय पण खाली दूध नासतंय. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस आधी येऊन गेला होता, त्याने 'गॅस गेलाय, कॉइल पण बदलावी लागेल' म्हणून नऊ हजारांच्या पुढचा आकडा सांगितला होता आणि वर त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या असा सल्लाही दिला होता. मी गेलो. फ्रीजरमधलं सगळं सामान बाहेर काढलं, आतला मागचा पॅनल खोलायला घेतला तर तो बर्फाने चिकटलेला, काकूंकडून हेअर ड्रायर मागून घेतला आणि हळूहळू सोडवला, कारण ओढला की तो प्लॅस्टिकचा पॅनल तडकतो. आत बघतो तर कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरी फटक. तिथेच कळलं की गॅस व्यवस्थित आहे. गॅस कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच बर्फ दिसला असता आणि बाकीची कॉइल कोरडी राहिली असती. सगळीकडे सारखा बर्फ म्हणजे बर्फ वितळवणारं सर्किट बंद पडलंय, कॉइल बर्फाने बुजलीय आणि पंख्याची गार हवा खाली उतरतच नाहीये. मीटर लावला. हीटर चांगला, फ्यूज चांगला, बायमेटल, म्हणजे गारव्यावर त्या हीटरचं सर्किट जोडणारा छोटा स्विच, तो ओपन, म्हणजे तुटलेला. बायमेटल गार असताना जोडलेला पाहिजे, हा बर्फात बसून ओपन होता. म्हणजे एक छोटासा पार्ट, दोन-अडीचशे रुपयांचा.

काकांना सगळं दाखवलं, मीटर त्यांच्या हातात देऊन दाखवला. म्हटलं गॅसला हात लावायचा नाही, कॉइलला लावायचा नाही, उद्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून पार्ट घेऊन येतो, सगळं मिळून नऊशे होतील. काम केलं तर व्हिजिट चार्ज मी वेगळा धरत नाही, हेही सांगितलं. काका म्हणाले, बघतो, विचार करून सांगतो. ठीक आहे, मग आजच्या व्हिजिटचे साडेतीनशे द्या. तर म्हणाले, 'अहो पण तुम्ही केलं काय? नुसतं खोलून बघितलं.'

पैसे दिले नाहीत. उन्हाळ्याचे दिवस, घरात लहान नातवंडं, म्हणून मी तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच पार्ट घेऊन ठेवला आणि फोन लावला. तर काका म्हणाले, 'झालं आमचं काम. कंपनीवाल्याला परत बोलवलं, तुम्ही बायमेटल म्हणाला होता ना, तेच सांगितलं त्याला, त्याने बदलून दिलं.' अगदी आनंदाने सांगत होते, त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. कंपनीवाल्याने त्याची व्हिजिट, मजुरी, पार्ट, सगळे पैसे पावतीवर घेतले, ते यांनी मुकाट्याने दिले. ज्याने आधी गॅस गेला म्हणून सांगितलं त्याला पैसे, आणि ज्याने खरं काय ते शोधलं त्याला काही नाही. आता तुमचा लेख वाचून त्या काकांना वाटत असेल की आपण एका लुटारूपासून वाचलो.

साडेतीनशेत काय काय येतं ते लेखात कुठेच नाही. धायरीतून बाणेरला जायचं म्हटलं की पेट्रोल आणि ट्रॅफिकमध्ये अर्धी सकाळ. सोसायटीच्या गेटवर नाव लिहा, फोटो काढा, मोबाइलवर मंजुरी येईपर्यंत उन्हात उभे राहा, गाडी बाहेर लावा. कितीतरी ठिकाणी मेन लिफ्ट आम्हाला बंद आणि सर्व्हिस लिफ्ट नादुरुस्त, मग खांद्यावर गीझर घेऊन सहावा मजला चढायचा, आणि वर गेल्यावर मॅडम म्हणतात उशीर झाला. लिफ्टबद्दल सोसायट्यांनी खरंच विचार करावा, ज्याच्या हातून तुमचं पाणी तापतं त्याला तुमच्या लिफ्टमध्ये उभं राहायला जागा नाही हे बरोबर नाही.

आणि जोखीम. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, तो आधी डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालता येत नाही. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा, तिथे जुन्या सवयीने पाइप जोडायची गॅसची टॉर्च पेटवून बसणारा माणूस स्वयंपाकघर उडवेल. एसीचं आउटडोअर चौथ्या मजल्याच्या बाहेर लोखंडी स्टँडवर, आम्ही खिडकीतून अर्धे बाहेर. पडलो तर कोण? ना पीएफ, ना ईएसआय. २०२३ मध्ये कारागिरांसाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली, १८ व्यवसाय घेतले, कुलूपवाले, शिंपी, न्हावी सगळे आहेत आणि असायलाच पाहिजेत, पण घरगुती उपकरणं दुरुस्त करणारा त्या यादीत नाही.

लुटणारे नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि आमचं नाव तेच खराब करतात. गुगलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकलं की वरती जे नंबर येतात त्यातले कितीतरी कंपनीचे नसतातच. तिकडे बसलेला माणूस फक्त कॉल घेतो आणि पुढे कुणाला तरी विकतो, त्याचं कमिशन निघालं पाहिजे म्हणून आलेला पोरगा दीडशेच्या कपॅसिटरचे पंधराशे लावतो आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद. तुमच्या लेखातली फसवणुकीची दोन्ही उदाहरणं मला तरी याच प्रकारातली वाटली. मग तसं लिहा ना. त्यांना मोकळं सोडून गल्लीतल्या मेकॅनिकवर घसरायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी याच भागात राहतो, माझी पोरं इथल्याच शाळेत जातात, मी कोणाला फसवून जाणार कुठे?

लेखाच्या शेवटी सल्ला आहे की फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच बोलवा. मी आतून बघितलंय म्हणून सांगतो, फ्रँचायझीत असताना आम्हाला रोजचं टार्गेट असायचं, दुरुस्तीचं नाही, विक्रीचं. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे करार, किती विकल्या, स्टँड किती, डिस्केलिंग पावडरची पाकिटं किती. मशीन चालू झालं की नाही हे संध्याकाळी कोणी विचारायचं नाही. ग्राहकाला फ्रीजच्या दारावरचा '१० वर्षं वॉरंटी' हा स्टिकर दिसतो, ती फक्त कॉम्प्रेसरची आहे, गॅस, बोर्ड, सेन्सर, मजुरी यातलं बहुतेक वेळा त्यात काही येत नाही, हे बिल हातात पडल्यावर कळतं. यावर लेख छापा, मी माहिती देतो.

आणि 'बाहेरचे मेकॅनिक डुप्लिकेट पार्ट टाकतात' हे वाक्य. ओरिजिनल बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, कंपन्या आम्हाला विकतच देत नाहीत, तर टाकणार कुठून? वॉशिंग मशीनचा बोर्ड मागायला सेंटरच्या काउंटरवर गेलो की उत्तर ठरलेलं, कंप्लेंट नंबर आणा, आमचा माणूस येऊन बसवेल. जुना बोर्ड दुरुस्त करावा म्हटलं तर त्यावर रबरासारखं पारदर्शक कंपाउंड ओतलेलं, ओलाव्यापासून बचाव म्हणून, ते कबूल आहे, पण ते खरवडून आतला एक रिले बदलायला माझा अख्खा तास जातो. काही मशीनचे टब असे सील केलेले की बेअरिंग गेलं तर अख्खा टब बदला, म्हणजे जवळपास नवीन मशीनच घ्या. युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे, मॉडेल बंद झाल्यावरही फ्रीजचे थर्मोस्टॅट, सेन्सर, बोर्ड किमान ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे पार्ट किमान १० वर्षं मेकॅनिकला मिळाले पाहिजेत. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. उद्देश चांगला आहे, बाहेरच्या मेकॅनिककडून दुरुस्ती करून घ्यायची ग्राहकाला मोकळीक हवी, असंच त्यात आहे. पण मला बोर्ड देण्याची सक्ती कुठल्या कंपनीवर आहे? सरकार म्हणतं बाहेरूनही करून घ्या, आणि आपला पेपर म्हणतो बाहेरच्याला दारात उभं करू नका.

वाचकांना सांगण्यासारखं एवढंच होतं, ते लेखात यायला हवं होतं. फोनवरच व्हिजिट चार्ज विचारा, काम केलं तर तो धरणार की नाही तेही विचारा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. गॅस गेला म्हणाला तर कॉइल उघडून दाखव म्हणा, बिलावर पार्टचं नाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. खरा मेकॅनिक यातल्या कशालाही नाही म्हणणार नाही. आणि त्याने नीट बघून दोष सांगितला असेल तर काम दुसऱ्याकडून करून घ्या हवं तर, पण त्याच्या बघण्याचे पैसे त्याच्या हातात ठेवा.

आणखी एक, आपल्याच कार्यालयाशी संबंधित आहे म्हणून इथेच लिहितो. दिवाळीआधी आपल्या छोट्या जाहिरातींत मी पैसे भरून जाहिरात दिली होती, त्यात मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट छापले गेले. ऐन सीझनला माझे कॉल भलत्याच माणसाकडे जात होते, त्या बिचाऱ्यालाही त्रास. काउंटरवर दोनदा जाऊन सांगितलं, पुढच्या शनिवारी बरोबर नंबर छापतो म्हणाले. अजून छापलेला नाही. पावती माझ्याकडे आहे, या पत्राबरोबर तिची झेरॉक्स जोडली आहे.

आपला,
एक फ्रीज-वॉशिंग मशीन मेकॅनिक,
धायरी, पुणे