एम१०० शोधू देणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून आलो, तेव्हा रिले म्हणजे हातात धरायची वस्तू, विजेने चालणारा स्विच, एवढंच मला ठाऊक होतं. कॉइलला २४ व्होल्ट दिले की टक् आवाज, कॉन्टॅक्ट जुळला. म्हणून पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, लॅडरमध्ये (रिलेच्या आकृतीसारख्या प्रोग्रॅममध्ये) एम१०० नावाचा रिले दिसला, तेव्हा मी पॅनल उघडून तो शोधू लागलो. तुम्ही खुशाल शोधू दिलंत. नंतर म्हणालात, "सापडणार नाही बाबू. ह्याला ना तांबं, ना स्प्रिंग. मेमरीतला एक बिट आहे हा." एक्सला (इनपुटला) आणि वायला (आउटपुटला) बाहेरून वायर येते, एमला येत नाही, एक्स७ च्या पुढे थेट एक्स१०, कारण तिथली मोजणी आठाची. हे मी पुन्हा कधी विसरलो नाही.

रजिस्टरचं, म्हणजे पीएलसीत आकडा ठेवायच्या जागेचं, शिकणं महागात पडलं. पोत्यांचा आकडा मी डी५० मध्ये ठेवला होता. मे महिन्यातल्या दुपारी लाईन गेली, परत आली, आणि अख्ख्या शिफ्टची मोजणी शून्य! सुपरवायझरसमोर मला बोलता येईना. आपल्या एफएक्स३यू पीएलसीमध्ये डी० ते डी१९९ वीज गेली की पुसले जातात, डी२०० पासूनचे बॅटरीवर टिकतात, हे तुम्ही तिथेच उभं राहून समजावलंत. चूक माझी होती, पण आकड्यांचा तो ताळा तुम्ही माझ्यासोबत बसून पोती मोजून लावलात.

आकडा डी२०० मध्ये हलवला, तर काही दिवसांनी ३२,७६७ नंतर उणे ३२,७६८ दिसलं. एका रजिस्टरची सोळा बिटांची मर्यादा. मोठ्या आकड्यासाठी बत्तीस बिटांची सूचना वापरली की डी२०० सोबत डी२०१ पण जातो, आणि नेमका तिथे मी टायमरचा सेटिंग आकडा ठेवला होता. ती चूकही तुम्हीच पकडलीत.

पण मनापासून आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीचे. वीज गेल्यावर काही पुसलं जाऊ नये या धसक्याने मी कन्व्हेयरचा रन रिलेही (मोटर चालू ठेवणारा) एम१०० वरून एम६०० वर नेला. एम५०० पासून पुढचे रिले लाईन गेली तरी स्थिती धरून ठेवतात, मला ते सुरक्षित वाटलं. तुम्ही प्रोग्रॅमची प्रिंट बघितलीत आणि एवढंच विचारलंत, "लाईन गेल्यावर पट्ट्यात अडकलेलं पोतं कोण काढतं?" हेल्पर काढतो. हात आत घालून. लाईन आली की एम६०० चालूच, स्टार्ट बटण न दाबता मोटर फिरली असती. त्या रात्री मला झोप आली नाही. मोजणी लक्षात ठेवायची, मोटरचा हुकूम मात्र विसरायचा, हा फरक मला कुठल्याही मॅन्युअलच्या तक्त्यावरून कळला नसता.

आता प्रत्येक रिले आणि रजिस्टर निवडताना मी आधी स्वतःला विचारतो, लाईन आल्यावर याचं काय झालेलं हवं? उत्तर कॉमेंटमध्ये लिहितो, मगच पुढची ओळ.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा हे बोलायला हवं होतं. गर्दीत राहून गेलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या पीएलसीची बॅटरी यंदा बदलली. दाराच्या आतल्या कागदावर, तुमच्या अक्षराखाली, तारीख टाकून ठेवली आहे.

तुमचा,
पॅकिंग लाईनचा बाबू
नागपूर