फ्युरीचा ब्रेक आणि माझी वही

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री उशिरा

प्रिय गड्या,

फोनच करणार होतो. तीनदा नंबर काढला आणि तीनदा मोबाइल उपडा ठेवला. तोंडाने सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसला असतास आणि मी परत भडकलो असतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू.

दिवाळीत माझ्या जुन्या फ्युरी मोटारसायकलचा पुढचा ब्रेक धरला, त्यात तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती. लेखी पुरावा सापडलाय, तोही माझ्याच अक्षरात.

आठवतंय ना सगळं? तू निघायच्या आधी हँडलवरच्या ब्रेकच्या टाकीत तेल कमी दिसलं म्हणून नवी बाटली फोडून भर घातलीस आणि जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात गेलास. घाट उतरताना लिव्हर हळूहळू दगड झाली, पुढचं चाक जड झालं आणि एका वळणावर गाडी ढकलूनही हलेना. टपरीवाल्याकडून पाना मागून घेतलास, चाकाजवळचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, त्याचा तेल सोडायचा निपल अर्धा आटा सैल केलास, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. मग नुसत्या मागच्या ड्रमवर बेळगाव गाठलंस. आणि मी? फराळाचं ताट समोर असताना, वहिनींच्या देखत विचारलं, "कुठलं भलतंच तेल ओतलंस गा तू?" तू बाटली दाखवलीस. डॉट ४ ब्रेक ऑइलची, सीलसकट विकत घेतलेली. मी बघितलीसुद्धा नाही.

त्यानंतर तू पुण्याला गेलास आणि आपलं बोलणं 'बरं आहे ना', 'हो' एवढ्यावर आलं.

आता माझा शहाणपणा ऐक. मी सगळ्यात आधी कॅलिपर उघडला. का, तर हात तू कॅलिपरला लावला होतास! त्याचं रबर बदललं, पिस्टन घासून लखलखीत केला, वर तेलाची नवी नळी, म्हणजे होज, करून घेतला. एवढं करून गाडी काढली, रेल्वे ओव्हरब्रिजपासून गोवावेसपर्यंत ट्रॅफिकमध्ये चार-पाचदा ब्रेक मारला आणि परत तेच. चाक धरलं. कॅलिपरचा पिस्टन अडकला असता तर निपल सैल करून घाटात चाक सुटलंच नसतं, एवढा साधा हिशोब. तू त्या रात्री हेच म्हणाला होतास, "वरून प्रेशर परत जाईना झालंय." मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

परवा एकदाचा वरचा बँजो बोल्ट सैल केला, म्हणजे लिव्हरपाशी तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला होज जोडणारा. चाक भिरभिरलं. होज तर नवाच. म्हणजे दुखणं हँडलवरच होतं, हाताच्या पंजापासून चार बोटांवर.

मास्टर सिलिंडर खोलायला मात्र घाम निघाला. रबरी टोपी काढली तर पिस्टन अडवून धरणारी आतली कडी, सर्क्लिप, गंजून भिंतीला चिकटलेली. माझ्या पक्कडीची टोकं जाड पडत होती, ती ग्राइंडरवर घासून बारीक केली. तरी सर्क्लिप निसटला तो निसटलाच, अर्ध्या तासाने हिला अबोलीच्या कुंडीत सापडला. "हे तुझंच काय?" म्हणून तिने चहाच्या बशीत घालून आणून दिला. पिस्टन काही केल्या बाहेर येईना. शेवटी पंक्चरवाल्या मामाकडे गेलो, जुन्या टॉवेलात सिलिंडर गुंडाळला आणि होजच्या भोकातून थोडी हवा दिली. ठप्प! टॉवेल हातातच उडाला. मामा म्हणाला, "काय बाँब करूलालास काय?"

आता त्या पिस्टनवरचा पुढचा रबरी कप बघायला तू इथे हवा होतास. मापाने नखाएवढी वस्तू. तिची कड कशी धारदार आणि ताठ पाहिजे, तेल ढकलताना भिंतीला चिकटणारी आणि परत येताना सैल पडणारी. हा कप भिजलेल्या हरभऱ्यासारखा टच्च फुगला होता, बोटाने दाबला तर मऊ लागला, आणि कड बाहेरच्या बाजूला उलटलेली. व्हर्नियर लावायचीही गरज नव्हती, तरी लावला.

ब्रेकच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात ते तुला माहीत आहेच. मोठ्यात काडेपेटीची काडी जाईल. दुसरं इतकं बारीक की उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही. लिव्हर सोडली की कप त्या बारीक भोकाच्या मागे सरकतो आणि तापून फुगलेलं तेल तिथून टाकीत परत येतं. आमच्या बाबतीत कप फुगून त्या भोकावरच बसलेला, आणि भोकात पिवळट, मेणासारखा चिकटा. घाटात पॅड तापले, तेल फुगलं, परतीची वाट बंद, म्हणून पॅड आणखी दाबले गेले, म्हणून आणखी तापले. तू निपल सैल केला नसतास तर डिस्क निळी पडली असती, नाहीतर तू दरीच्या बाजूला पडला असतास. हे लिहिताना आत्ता हात जरा थांबला.

भोक साफ केलं ते शेजारच्या मावशींच्या तंबोऱ्याच्या तुटलेल्या तारेने. मिरजेहून आणलेली तार, तिने आयुष्यात एवढा बेसूर उद्योग केला नसेल. ड्रिल घालायचा मोह झाला होता, पण भोक मोठं झालं की लिव्हरचा पहिला दाब टाकीतच वाया जातो. जपून, फिरवत फिरवत पाऊण तास लावला.

कपाची गोष्ट निराळीच. फ्युरीचे पार्ट कुठून मिळणार? म्युनिकच्या झुंडापने १९८४ साली गाशा गुंडाळला आणि मद्रासच्या एन्फिल्डने इथे काढलेली ती १६३ सीसीची, पाच गिअरची, पुढे ब्रेम्बोची डिस्क असलेली गाडी आता केए २२च्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या, रस्त्यांवर किती उरली असेल! कोल्हापुरात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर बंद पुडीतला कपांचा किट मिळाला. दुकानदाराने नवाकोरा म्हणून दिला, आणि होताही. फक्त रबर कड वाकवताच बारीक भेगा दाखवू लागलं. पुडीत बसूनही रबर म्हातारं होतं. तिथल्या तिथे परत केला.

मग मला वाटलं, आपण बसलोय हायड्रॉलिक्सच्या गावात आणि सीलसाठी रडतोय! इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमबागेत गेलो. एका सीलवाल्याच्या काउंटरवर जुना कप ठेवला. म्हाताऱ्याने चष्मा वर करून तो बघितला, वास घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याव एण्णी? कुठलं तेल जातंय ह्यात?"

म्हटलं, ब्रेक ऑइल.

त्याने कप माझ्याकडे सरकवला. "मग माझ्याकडचं एकबी चालायचं नाही. हे सगळं नायट्राइल रबर, प्रेस-पंपाच्या तेलाचं. तुझ्या तेलाला ईपीडीएम रबर लागतंय. आणि हे असं फुगलं कसं? ह्याला पेट्रोल नाहीतर ग्रीस लागलंय बघ कुठंतरी. डॉट चारनं हे असं व्हत नाही."

मी 'हं' म्हणून बाहेर पडलो. खरं सांगू? गाडीवर बसेपर्यंत मला तूच दिसत होतास. याने काहीतरी ओतलंच असणार, हेच डोक्यात. घरी आल्यावर तेल किती जुनं होतं ते बघायला वही उघडली. ती लाल कापडी बांधणीची, जिच्यात मी गाडीचं सगळं टिपून ठेवतो आणि जिला तू 'जमाखर्च' म्हणतोस. गेल्या मे महिन्याचं पान: 'मास्टर सिलिंडर खोलला. पेट्रोलने स्वच्छ धुतला. पिस्टनला चासिस ग्रीस लावून बसवला. लिव्हर मऊ चालते.' खाली खूण केलेली, दोन रेघा मारून. मऊ चालणारच की, ग्रीस होतं ना!

म्हणजे तू भर घातलीस त्याच्या पाच-सहा महिने आधीच मी त्या रबराचं वाटोळं करून ठेवलं होतं. टाकीतलं तेल कशाने कमी झालं होतं ते आता विचारू नकोस, तेल बाहेर गळू न देणारा मागचा कपही त्याच धुण्यातला होता.

शेवटी सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, नीट मोजून, त्याच मापाच्या दुसऱ्या एका गाडीचा किट कुरिअरने मागवला. पिस्टन माझाच ठेवला, कप त्यातले घेतले, खोबणीत बसतात का, किती घट्ट बसतात ते जुन्या पिस्टनवर तीनदा घालून काढून पाहिलं. आतल्या भिंतीला शेवटच्या टोकाला दोन खड्डे दिसले. लेथवाल्याला म्हटलं, होन मारून, म्हणजे आतून घासून दे. तो म्हणाला, "अ‍ॅल्युमिनियमवरचा अ‍ॅनोडाइझिंगचा थर गेला की हे वर्षभरात परत खाणार. कप तिथपर्यंत जातोय काय?" जात नव्हता. नख फिरवलं, कपाच्या वाटेवर कुठे अडकलं नाही. तसाच ठेवला. या वेळी आतून ब्रेक ऑइलनेच पुसला आणि कपही ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवले, कडा पुढे, स्प्रिंगकडे. वहीत तसं लिहिलंय.

तेल भरताना पेट्रोलच्या टाकीवर ओला टॉवेल टाकला होता. लिव्हर अगदी जराशी दाबली आणि त्या बारीक भोकातून एक इवलं कारंजं वर उडालं. झाकण नसल्यामुळे माझ्या चष्म्यावर आलं. एवढा आनंद मला पोरगं दहावी झालं तेव्हाही झाला नव्हता, हे हिला सांगू नकोस. हवा मात्र दोन तास छळत होती. हँडल वळवून मास्टर सगळ्यात उंच केला, लिव्हर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ग्रिपला बांधली आणि झोपलो. सकाळी दोन बोटांत घट्ट. लिव्हरच्या सुरुवातीला थोडी मोकळीक ठेवलीय, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक परत झाकलं जातं.

आज येळ्ळूरवरून राजहंसगडापर्यंत जाऊन आलो. उतरताना मुद्दाम ब्रेकवर राहिलो. खाली थांबून स्टँडवर लावून चाक फिरवलं, नुसता पॅडचा सुर्रर्र आवाज. डिस्कजवळ हात नेला तर झळ लागत होती, तरी चाक मोकळं. बराच वेळ मी ते फिरवतच उभा होतो. एक पोरगा विचारून गेला, "काका, बिघडली काय?"

वहिनींनाही सांग, त्या दिवशीचं. नाहीतर थांब, मीच सांगतो, समोर. पावसाळा सुरू व्हायच्या आत ये. किल्ली दाराआड खिळ्याला आहे, चोर्ल्याला पुढे तू, मी मागे बसतो. येताना पुण्यात मिळाले तर बँजो बोल्टचे तांब्याचे दोन वॉशर घेऊन ये. मी जुनेच गॅसवर लाल करून, पाण्यात बुडवून मऊ केलेत आणि बसवलेत. गळत नाहीत, पण रोज सकाळी बोट फिरवून बघतोय.

तुझा,
जमाखर्चवाला