सुमन, मंडाले पाहून आले

रत्नागिरी,
3 मार्च 2019

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

प्रकृती ठीक आहे. गुडघ्याचे पुढे ओघात येईलच. कुंदाला फोनवर सगळा प्रवास सांगून झाला, वन्संना फोटोही दाखवून झाले. पण जे खरोखर सांगायचे आहे ते त्या दोघींना सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

वाचनालयाच्या मंडळींनी 1 ऑगस्टला माझे भाषण ठेवले आहे आणि ‘लोकमान्यांच्या मंडालेत’ हा विषयही त्यांनीच ठरवून टाकला आहे. हसू नकोस. त्याच सभागृहात नववीत तू शेंगांची टरफले उचलायला बाणेदारपणे नकार देऊन पहिला नंबर पटकावलास आणि मला उत्तेजनार्थ मिळाले होते. परीक्षक तुझे मामा होते, हे मी अजून विसरलेले नाही. मुद्दा असा की, श्रोत्यांना कोठडी हवी आहे, आणि मला तेथे कोठडी दिसलीच नाही.

टिळकांचा तुरुंग ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या किल्ल्याच्या आत होता. 1908 ते 1914 त्यांनी तेथे काढली, ‘गीतारहस्य’ तेथेच शिसपेन्सिलीने लिहिले आणि 1912 मध्ये सत्यभामाबाई गेल्याची बातमीही त्यांना तेथेच कळली. हे सगळे आपल्याला पाठ आहे. तो किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब, भोवती रुंद खंदक, आणि परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजाने आत सोडतात. संघराज्याला बाधा आणणाऱ्यांना लष्कर आणि जनता मिळून चिरडून टाकतील, अशा अर्थाचा लाल फलक तटावर लावलेला आहे. त्याच्याखालून जाताना मला आपल्या पोलीस परेड मैदानावरचे हेडसाहेब आठवले आणि नको तेथे हसू आले. आत गेल्यावर सरळ राजवाड्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, इकडेतिकडे वळायची परवानगी नाही. तुरुंगाविषयी मी पहाऱ्यावरच्या शिपायाला खुणांनी विचारले, तेव्हा त्याने पुन्हा राजवाड्याकडेच बोट दाखवले.

आणि तो राजवाडा! मूळ लाकडी वाडा मार्च 1945 मध्ये, युद्धाच्या धुमश्चक्रीत जळून गेला. आज दिसतो तो 1990 च्या दशकात उठवलेला. सिमेंट आणि वर पत्रा. त्याच काळात तो खंदक साफ करायला शहरातल्या माणसांना सक्तीने जुंपले होते, हे मी जाण्यापूर्वी वाचले होते, त्यामुळे संध्याकाळी खंदकाच्या कडेने सगळे गाव हौसेने फिरायला निघते तेव्हा मला त्यांच्यात मिसळावेसेही वाटे आणि अवघडल्यासारखेही होई. इंग्रजांनी मंडालेहून कैद करून आणलेल्या थिबा राजाचा आपल्याकडचा थिबा पॅलेस तरी 1910 चा खरा आहे. राजाचे घर खोटे आणि कैद्याचे घर खरे, असे माझ्या मनात आले. मग ते वाक्य भाषणाला शोभेल असे वाटले आणि लगेच त्याची लाजही वाटली. तुझ्या मामांना मात्र ते नक्की आवडले असते.

एकटीने फिरण्याचे म्हणशील तर भीती कुठेच वाटली नाही. रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत, त्यामुळे माझ्यासारखीलाही चुकता येत नाही. धूळ मात्र अतोनात. चहाच्या दुकानात सामोसे कात्रीने कापून, कांदा-कोबी आणि आंबट रस्सा घालून वाडग्यात देतात. ते मी रोज खाल्ले. महामुनी बुद्धाच्या देवळात मात्र माझे बिनसले. ही मूर्ती 1784 च्या सुमारास आराकान जिंकून तेथून आणलेली. भक्त तिला सोन्याचा वर्ख लावतात आणि त्या थरांनी अंगाला अक्षरशः ढेकळे आली आहेत. रोज पहाटे मुखमार्जन होते म्हणून चेहरा तेवढा नितळ राहिला आहे. पण वर्ख लावायचा तो पुरुषांनी. बायकांनी खाली बसून पडद्यावर पाहायचे. अंधारात उठून, सगळे शहर ओलांडून गेलेली मी तेथे बसले आणि शनिशिंगणापूरवरून तू आणि मी आबांशी केलेले भांडण आठवून स्वतःशीच पुटपुटत राहिले. त्याच आवारात ब्राँझच्या जुन्या मूर्ती आहेत, मूळच्या कंबोडियातल्या अंगकोरच्या, एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे लूट म्हणून फिरत आलेल्या. ज्याचे जे दुखते त्याने मूर्तीचा तोच अवयव चोळायचा. मी गुडघा चांगला घासला. गुण नाही.

वर्ख कुटतात ती जागा मात्र तुला दाखवायला हवी होती. उघड्या अंगाचे तरुण मोठे हातोडे घेऊन कातड्यात बांधलेली चळत तासन्‌तास ठोकत असतात आणि वेळ मोजायला शेजारी पाण्यात भोक पाडलेली करवंटी सोडलेली असते. ती भरून बुडाली की एक पाळी झाली. तुझ्या लग्नात गुरुजींनी हट्टाने मांडलेले घटिकापात्र, दुसरे काय! आतल्या खोलीत बायका तो वर्ख कापतात. वाऱ्याने उडू नये म्हणून ती खोली बंद ठेवलेली असते, पंखासुद्धा नाही. म्हणजे वर्ख कापायचा बायकांनी, आणि लावायचा पुरुषांनी.

आता खरी गोष्ट. श्वेनांडो नावाचा एक सागवानी मठ आहे. मूळचा तो राजवाड्याचाच भाग. 1878 मध्ये थिबाचा बाप मिंडोन राजा त्यातच वारला, तेव्हा थिबाने ती वास्तू सुटी करून तटाबाहेर नेली आणि म्हणूनच ती आगीतून वाचली. बाहेरचे कोरीव काम पावसाने काळेकरडे पडले आहे, आत खांबांवर सोने अजून आहे. तेथल्या म्हाताऱ्या राखणदाराने मोडक्या इंग्रजीत गाव विचारले. मी रत्नागिरी म्हटल्यावर तो चटकन उभा राहिला, आणखी दोघांना हाक मारली आणि मला मधे बसवून विचारले, की थिबा राजाची कबर कशी आहे? तेथे फुले कोण वाहते?

सुमन, मी काय सांगणार? आपण कैऱ्या आणि तिखटमीठ घेऊन तेथे बसायचो, गवत कमरेइतके असायचे, तू साप म्हणून ओरडायचीस आणि आपण कोणाच्या कबरीशेजारी बसलो आहोत हे आपल्याला शाळा सुटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. मी म्हटले, मुली यायच्या, नेहमी यायच्या. त्याला ते फार आवडले. टिळकांचे नाव मी नंतर काढले, तेव्हा तिघेही अदबीने हसले. त्यांना ते ठाऊक नव्हते.

भाषणात हे बोलावे की नाही, एवढीच माझी चिंता आहे. बोलले तर अध्यक्ष म्हणतील, बाई पुण्यतिथीला बोलावल्या होत्या टिळकांच्या आणि रडून गेल्या थिबासाठी. न बोलले तर बाकी सगळे पुस्तकातलेच आहे, आणि ते वाचायला मंडालेला जायची गरज नव्हती. तुला असले प्रसंग निभावता येतात, म्हणून स्पष्ट लिही; आणि ‘तुला वाटेल ते कर’ असे लिहिणार असशील तर पोस्टाचे पैसे वाचव.

मोतीबिंदूचे ऑपरेशन कधी ठरले? नीताच्या बाळाला माझे आशीर्वाद. डोंबिवलीची नवी जागा हवेशीर आहे असे कुंदा म्हणाली, बरे झाले. मे महिन्यात येशील तेव्हा कबरीवर जाऊन येऊ. कैऱ्या मी आणते, तिखटमीठ तू आण.

तुझी,
शालू