ट्रेलर हिवाळ्यातून सुखरूप निघाला, काका!

ती. काका व सौ. काकूंस,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, टाकीत पाणी भरलं, पंप सुरू केला आणि एकेक नळ सोडला. आधी हिवाळ्यासाठी पाइपांत भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ (सहजी न गोठणारा द्रव), मग फिकट आणि शेवटी स्वच्छ पाणी आलं. सिंकखाली, कमोडमागे, हीटरजवळ हात फिरवून पाहिला. सगळं कोरडं. मिनेसोटाचा अख्खा हिवाळा, उणे 30 अंशांच्या रात्रींसकट, ट्रेलरनं ड्राइव्हवेवर काढला आणि एकही पाइप फुटला नाही. याचं श्रेय तुम्हा दोघांचं आहे. ते चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तुम्ही आपली हत्यारं घेऊन आलात आणि पाना माझ्या हातात दिलात. "मी नुसता बघणार, करायचं तू." वॉटर हीटरपासून सुरुवात झाली. गॅस आणि वीज बंद, हीटर पुरता गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा आणि मगच प्लगला हात लावायचा. तो सुटताच 6 गॅलन पाणी भसाभसा बाहेर आलं, पाठोपाठ क्षारांचे पांढरे कण. प्लगला जोडलेली मॅग्नेशियमची कांडी तुम्ही तळहातावर धरलीत. मुळात अंगठ्याएवढी जाड, गुळगुळीत. आता जागोजागी खड्डे पडलेली, मध्ये तर नुसती तार उरलेली. "ही झिजते म्हणून टाकी गंजत नाही," असं सांगून नवी कांडी बसवायला लावलीत. प्रत्येक कामामागचं कारण असं डोळ्यांसमोर दाखवणारा माणूस भेटणं हे मोठं भाग्य.

मग पाइपांत अँटिफ्रीझ भरायचं. त्याआधी हीटरला वळसा घालून प्रवाह नेणारा बायपास व्हॉल्व्ह फिरवायचा कशासाठी, तर अँटिफ्रीझनं उगाच हीटर भरू नये. गाडीच्या इंजिनातलं अँटिफ्रीझ विषारी, ते इथे अजिबात चालत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं हे गुलाबीच आणायचं, हे तुम्ही आधीच फोनवर बजावलं होतंत. गरम आणि गार असे दोन्ही नळ, फ्लश आणि बहुतेक लोक विसरतात तो बाहेरचा शॉवर, प्रत्येकातून गुलाबी धार येईपर्यंत तुम्ही थंडीत उभे होतात. "पाणी गोठताना 9 टक्के फुगतं. वाटीभर मागे राहिलं तरी जोड फोडायला पुरतं." शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या जाळीत थोडं थोडं ओतून घेतलंत, खालच्या वाकड्या पाइपात साचलेल्या पाण्यासाठी.

काकू, तोवर तुम्ही आतलं स्वयंपाकघर पार रिकामं केलं होतंत. रवा, पोहे, मसाल्याचे डबे, सगळं घरात. सांडलेला कणही ठेवला नाहीत, कारण थंडी पडली की शेतातले उंदीर ऊब शोधत येतात. ट्रेलरच्या तळातून वायरी वर येतात तिथल्या फटीत स्टील वूल तुम्हीच कोंबलंत. फ्रिजचं दार बंद होऊ नये म्हणून त्यात टॉवेलची घडी अडकवलीत. एप्रिलमध्ये आत शिरलो तेव्हा कुबट वास नव्हता, लेंड्या नव्हत्या.

छतावर ताडपत्री नको, हवा खेळेल असं कव्हर घ्या, हा तुमचा आग्रहही किती योग्य होता! कोकणात पावसाळ्याआधी ताडपत्री बांधतात, कारण तिथे पाणी वरून येतं. इथे ओल आतच कोंडते, शिवाय वाऱ्यात फडफडणारी ताडपत्री रबरी छत घासून काढते. कव्हर चढवण्यापूर्वी व्हेंटभोवतीचं सीलंट बोटानं चाचपून तडे भरायला लावलेत, तेही बरं झालं.

बॅटरी काढून गॅरेजमध्ये ठेवली आणि महिन्यातून एकदा चार्ज करत गेले. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे 10 च्या आसपासच गोठते, हे ऐकल्यावर आळस करणं शक्यच नव्हतं. चाकांखाली फळ्या, टायरवर झाकणं, हेही तुम्ही सांगितल्याप्रमाणेच.

काका, तुम्ही एवढा वेळ दिलात आणि मोबदल्यात चहाखेरीज काही घेतलं नाहीत. मनापासून आभार.

जूनमध्ये आम्ही सुपीरियर सरोवराकाठी गूजबेरी फॉल्सला ट्रेलर नेतोय. तुम्ही दोघांनी एक रात्र तरी आमच्याबरोबर राहायला यायचं आहे. आणि काकू, स्वयंपाकाला तुम्ही हात लावायचा नाही.

आपली नम्र,
ट्रेलरवाली शेजारीण