पल्स ३८ पर्यंत खाली का गेली?

प्रिय सुध्या,

लेकीबद्दल अभिनंदन! पण परवा फोनवर तू तिचं वजनसुद्धा सांगितलं नाहीस. एकच विचारत होतास, "सिझरमध्ये बायकोची पल्स ३८ पर्यंत खाली गेली होती म्हणे. हार्टमध्ये काही दोष आहे का रे?" मी ऑपरेशन थिएटरमध्ये शिरता शिरता "होतं रे असं" म्हणून फोन ठेवला. दाराबाहेर तासभर उभ्या असलेल्या माणसाला हे काय उत्तर झालं? म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला वहिनींचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ईसीजी पाहिला. दोन्ही नॉर्मल आहेत, निवांत झोप.

सिझरसाठी कमरेत भूल दिली की पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त खालीच साचतं. त्यात गर्भाशयाचं ओझं पोटातल्या मोठ्या शिरेवर, म्हणून आम्ही भूल देणारे बाईला जरा डावीकडे कलती ठेवतो. हृदयाकडे रक्त कमी येतं, आणि डावा कप्पा पुरता भरायच्या आतच जोरात आवळला जातो. त्याच्या भिंतीतली नसांची टोकं बिथरतात. निरोप व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूच्या तळाशी जातो आणि तिथून हुकूम येतो की ठोके कमी करा, वाहिन्या सैल सोडा. ऐन गरजेला हृदय मंदावतं! पण विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी जळू नये म्हणून तूच धावत जाऊन बंद करतोस ना? तसंच काहीसं. फक्त या मोटरीवर मेंदूही चालतो, म्हणून आम्हाला घाई.

याचं नाव बेझोल्ड-यारिश रिफ्लेक्स, म्हणजे शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया. १८६७ मध्ये जर्मनीत बेझोल्ड आणि हिर्ट यांनी व्हेराट्रम नावाच्या विषारी झाडाचा अर्क जनावरांना टोचला, तर नाडी मंदावली, रक्तदाब कोसळला, श्वास थांबला. पुढच्याच वर्षी बेझोल्ड गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. ही व्हेगसची करामत आहे हे ऑस्ट्रियातल्या यारिशने पुन्हा तपासून पक्कं केलं, तेही सुमारे ७० वर्षांनी. आणि व्हेगसच्या त्या टोकांना डिवचणारं एक रसायन म्हणजे सेरोटोनिन, त्याला तर नावच १९४८ मध्ये मिळालं.

हो, सेरोटोनिन! मोबाइलवर ज्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात तेच. मला त्या शब्दाची चीड येते. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं प्लेटलेटमध्ये साठवलेलं, आणि मेंदूत असतं ते चिमूटभर. व्हेगसच्या त्या टोकांवर त्याचे ५-एचटी३ जातीचे रिसेप्टर, म्हणजे ते येऊन बसायच्या जागा, असतात. सेरोटोनिनच्या रिसेप्टरांची सात घराणी. बाकीची सहा आत निरोप द्यायला मध्यस्थ गाठतात, हे एकटं स्वतःच दार आहे. सेरोटोनिन बसलं की दार उघडतं आणि नस पेटते. मळमळीवरचं ओन्डान्सेट्रॉन याच दाराला कडी घालतं. म्हणून मी कमरेत सुई टोचायच्या पाचेक मिनिटं आधी त्याचे ४ मिलीग्रॅम देतो. सगळे देत नाहीत, त्याचा किती उपयोग होतो यावर आमच्यात वाद आहेत. शिवाय दोष एकट्या या रिफ्लेक्सचा असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. भूल छातीपर्यंत चढली तर ठोके वाढवणाऱ्या नसाही बधिर होतात.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. टेबलावरची बाई म्हणाली, "डॉक्टर, कसंतरी होतंय, मळमळतंय." मी मॉनिटर सोडून उलटीचा ट्रे शोधायला वळलो. पाठीमागे टिक... टिक... मधली जागा लांबत गेली. वळून पाहिलं तर ३४. अ‍ॅट्रोपिनच्या अ‍ॅम्प्यूलची मान मोडताना बोट कापलं, ते औषध जाऊन ठोके वर येईपर्यंत कळलंसुद्धा नाही. अ‍ॅट्रोपिन व्हेगसचा हुकूम हृदयापर्यंत पोचूच देत नाही. वहिनींनाही तेच दिलं असणार. तेव्हापासून टेबलावर कुणी "मळमळतंय" म्हटलं की माझी नजर आधी पल्सवर जाते.

तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन दोन वाक्यं सांगितली असती तर तुझी रात्र वाचली असती. पण त्या वेळी आत त्यांचे हात रिकामे नसतील, हेही खरं.

बारशाला येतोच. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अन्या

ता. क. डिस्चार्ज घेताना भुलीच्या कागदाची झेरॉक्स मागून घे. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्याला तो कागद आधी दाखवायचा.